एका झाडाचे दोन रेणू



ही व्याख्यानमाला एका डॉक्टरांच्या स्मृतीसाठी चालवली जाते. आजचा विषय एरवी पोलिसांच्या छाप्यांत आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत भेटतो. मी मात्र तो औषधशास्त्राच्या बाजूने मांडणार आहे. रेणू कोणता, मात्रा किती, शरीरात शिरण्याची वाट कोणती आणि सोबत दुसरी औषधं कोणती, हे चार प्रश्न कुठल्याही औषधाला विचारावे लागतात. तेच आज गांजाच्या झाडाला विचारू.

गुडघेदुखीसाठी, झोपेसाठी, मन शांत राहावं म्हणून याच झाडातल्या सीबीडी या रेणूचं तेल घ्यावं का, असं हल्ली बरेच जण विचारतात. कुणाच्या मुलीने न्यू जर्सीहून बाटली आणलेली असते, कुणी घरबसल्या ऑनलाइन मागवलेली असते. बाटलीवर त्या ओळखीच्या पानाचं चित्र असतं आणि शेजारी 'नशा होत नाही' असं आश्वासन. मग शंका येतात. हा गांजाच का? आणि गांजा नसेल तर निर्धोक का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. दुसऱ्याचंही उत्तर 'नाही' असंच आहे. लोक पहिलं 'नाही' ऐकून समाधानाने घरी जातात. माझा आजचा बराचसा वेळ दुसऱ्यासाठी आहे.

आधी झाड पाहू. कॅनॅबिस या एकाच झाडाच्या पानांची भांग होते, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा होतो आणि राळेचा चरस. धाग्यासाठी आणि बियांसाठी लावलं जाणारं हेम्पही याच जातीचं. आपल्याकडची अंबाडी आणि ताग ही वेगळी झाडं, त्यांचा इथे संबंध नाही. हेम्प आणि गांजा यांच्यामधली रेघ निसर्गाने आखलेली नाही. १९७६ साली अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर्गीकरणाच्या सोयीसाठी टीएचसी या नशा आणणाऱ्या रेणूची ०.३ टक्के ही सीमा धरली. ती आपण सोयीने ठरवली आहे, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहिलं. पुढे हाच आकडा अमेरिकेच्या २०१८ च्या शेती कायद्यात गेला आणि आपल्याकडे उत्तराखंडच्या हेम्प लागवडीलाही लागू झाला. वनस्पतिशास्त्रातली सोय अशी कायद्याची भिंत झाली. तिला पडलेल्या भगदाडाकडे मी नंतर येईन.

टीएचसी आणि सीबीडी हे रेणू फुलोऱ्यावरच्या बारीक राळग्रंथींत तयार होतात. दोघांचा जन्म एकाच मूळ आम्लापासून होतो. झाडात कोणतं विकर, म्हणजे एन्झाइम, जोरात आहे, त्यावर ते टीएचसीकडे वळणार की सीबीडीकडे, हे ठरतं. कच्च्या झाडात दोन्ही मुख्यतः आम्लरूपात असतात आणि त्या रूपात टीएचसीचीही नशा नसते. उष्णता मिळाली की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि खरा रेणू मोकळा होतो. चिलमीतला निखारा हेच काम करतो.

आता गंमत पाहा. दोन्ही रेणूंचं सूत्र एकच आहे: २१ कार्बन, ३० हायड्रोजन, २ ऑक्सिजन. रेणुभार दोघांचाही सुमारे ३१४. तराजूवर त्यांच्यात भेद करता येणार नाही. फरक आहे तो बांधणीत. टीएचसीमध्ये एक ऑक्सिजन वळून कड्यात अडकलेला असतो. सीबीडीमध्ये ते कडं उघडं राहतं. एवढ्याने रेणूचा आकार बदलतो आणि मेंदूत तो कुठे बसेल, हेही बदलतं.

हे कळायला फार वर्षं लागली. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले आयरिश डॉक्टर विल्यम ब्रूक ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये गांजाच्या अर्कावरचे आपले प्रयोग मांडले. धनुर्वाताच्या रुग्णांना त्यांनी तो दिला आणि आकड्या येणाऱ्या चाळीस दिवसांच्या एका तान्ह्या बाळालाही दिला. बाळ सावरल्याची नोंद आहे. त्या थेंबांत नेमकं काय आणि किती होतं, हे मोजायची सोय मात्र तेव्हा नव्हती. १९४० मध्ये अमेरिकेत रॉजर ॲडम्स यांनी सीबीडी वेगळं काढलं. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत राफाएल मेशूलम यांनी पोलिसांनी जप्त केलेला चरस मिळवला. १९६३ मध्ये योव्हाल श्वो यांच्यासह त्यांनी सीबीडीची बांधणी उलगडली. पुढच्याच वर्षी येहिएल गाओनी यांच्यासोबत त्यांनी टीएचसी शुद्ध करून त्याचीही बांधणी सांगितली. नशा कशाची, याचं उत्तर तेव्हा मिळालं. नशा कशी, हे कळायला आणखी पाव शतक गेलं. १९८८ मध्ये ॲलिन हाउलेट आणि विल्यम डेव्हेन यांना उंदराच्या मेंदूत टीएचसीसारखे रेणू जिथे जाऊन बसतात तो ग्राही, म्हणजे रिसेप्टर, सापडला. त्याचं नाव सीबी-१. आपल्या शरीरात असा ग्राही आहे म्हणजे शरीराचा स्वतःचाही तसा रेणू असणार. तो १९९२ मध्ये मेशूलम यांच्याच प्रयोगशाळेत मिळाला. संस्कृतातल्या 'आनंद'वरून त्याला ॲनँडमाइड म्हणतात.

ही यंत्रणा काम कशी करते? उसाला पाणी देताना एक जण विहिरीवर मोटारीपाशी असतो आणि दुसरा शेतात दारं धरतो. शेवटची सरी भरली की शेतातला हाक देतो, 'बस्स, बंद कर!' आणि वरचा मोटार थांबवतो. मेंदूत एक चेतापेशी दुसरीकडे रासायनिक निरोप सोडते. निरोप पुरेसा पोहोचला की घेणारी पेशी उलट्या दिशेने एक स्निग्ध रेणू सोडते, तीच ही हाक. पाठवणाऱ्या पेशीच्या टोकावरचा सीबी-१ ती ऐकतो आणि निरोपांचा ओघ आवरतो. ही हाक क्षणभराची आणि त्या एकाच सरीपुरती असते. काम झालं की तो रेणू तिथेच मोडून टाकला जातो.

टीएचसी म्हणजे बांधावरून जाणाऱ्या परक्या माणसाने दिलेली तशीच हाक. ती साऱ्या शिवाराला एकदम ऐकू येते आणि तासन्‌तास थांबत नाही. कुठली मोटार बंद पडेल, त्यावर परिणाम ठरतो. स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पसमध्ये सीबी-१ भरपूर आहेत, म्हणून बोलता बोलता वाक्याचा आरंभच विसरायला होतो. लहान मेंदूत ते आहेत, म्हणून तोल आणि हालचालींचा मेळ बिघडतो. भीतीचं केंद्र असलेल्या भागातही आहेत, म्हणून थोड्या मात्रेने सैल वाटणारा माणूस जास्त मात्रेने घाबराघुबरा होतो, संशयाने घेरला जातो. वेळ ताणल्यासारखी वाटते, भूक खवळते, तोंड कोरडं पडतं, डोळे लाल होतात, नाडी धावू लागते. श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या बुंध्यात मात्र हे ग्राही विरळ आहेत. त्यामुळे अफूवर्गातल्या औषधांच्या अतिमात्रेने श्वास थांबतो तसा टीएचसीने सहसा थांबत नाही. याचा अर्थ ते निरुपद्रवी आहे असा नाही. युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणचा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १० टक्के किंवा त्याहून जास्त टीएचसी असलेला गांजा रोज घेणाऱ्यांत मनोविकृतीचा धोका कधीच न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट आढळला. किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांना व्यसन जडण्याची शक्यताही जास्त असते.

शरीरात शिरण्याची वाटही महत्त्वाची. धूर फुप्फुसांतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत काही मिनिटांत पोहोचतो. पोटातून गेलेलं टीएचसी आधी यकृतात जातं आणि तिथे त्याचं ११-हायड्रॉक्सी टीएचसी होतं. हा रेणूही नशा आणतो, मेंदूत सहज शिरतो. असर जाणवायला अर्धा ते दीड तास लागतो, कळस दोन-चार तासांनी येतो. होळीला किंवा महाशिवरात्रीला थंडाईचा पेला घेऊन 'काहीच होत नाही' म्हणत दुसरा रिचवणारे पुढे का कोलमडतात, ते यावरून कळेल. पहिल्या पेल्याचा हिशेब व्हायच्या आत त्यांनी दुसरा घेतलेला असतो.

आता सीबीडी. ते हाक मारतच नाही. सीबी-१ मध्ये टीएचसी जिथे बसतं, तिथे सीबीडीचा आकार नीट बसत नाही. ते दुसऱ्याच ठिकाणी चिकटून त्या ग्राहीचा प्रतिसाद थोडा मंद करतं, असं प्रयोगशाळेतल्या पेशींवर दिसलं आहे. त्याची बाकीची कामं निराळ्याच जागी चालतात. सेरोटोनिनचा एक ग्राही, वेदना आणि उष्णता जाणणारी पेशींवरची एक वाहिनी, जीपीआर-५५ नावाचा आणखी एक ग्राही, ॲडेनोसिन पुन्हा आत ओढून घेणारी यंत्रणा, अशा कितीतरी ठिकाणी ते थोडं थोडं हात लावतं. म्हणून सीबीडी घेतलेला माणूस झिंगत नाही. नेदरलँड्समध्ये २६ जणांना प्रत्यक्ष रस्त्यावर गाडी चालवायला लावून एक प्रयोग झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. टीएचसी घेतलेल्यांची गाडी पहिल्या तास-दीड तासात जास्त डुलली. सीबीडीचंच प्राबल्य असलेला गांजा घेतल्यावर ती डुलली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनेही २०१८ मध्ये सांगितलं की शुद्ध सीबीडीमुळे व्यसन लागत असल्याचं दिसत नाही.

इथवर सीबीडीची बाजू भक्कम आहे. त्याचं सर्वांत मोठं यशही इथेच सांगितलं पाहिजे. ड्रावे सिंड्रोम हा लहान मुलांचा अपस्माराचा अत्यंत हट्टी प्रकार. आकड्या कुठल्याच औषधाला दाद देत नाहीत. २०१७ मध्ये १२० मुलं आणि तरुण यांच्यावरची चाचणी प्रसिद्ध झाली. सीबीडी घेणाऱ्या गटात महिन्याच्या आकड्यांची मध्यक संख्या १२.४ वरून ५.९ वर आली. निष्क्रिय द्रव घेणाऱ्यांत ती १४.९ होती, ती १४.१ झाली. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एपिडायोलेक्स या नावाने शुद्ध सीबीडीला मान्यता दिली. कलकत्त्याच्या त्या बाळाच्या आकड्यांपासून इथवर यायला पावणेदोनशे वर्षं लागली. अर्कातून रेणू वेगळा झाला, रेणूची मात्रा ठरली आणि मात्रेची चाचणी झाली, तेव्हा त्याचं औषध झालं.

त्या मात्रेचा हिशेब करू. एपिडायोलेक्सची नेहमीची मात्रा दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम, गरजेनुसार २० पर्यंत. म्हणजे २० किलोच्या मुलाला दिवसाला २०० मिलिग्रॅम. हेच प्रमाण ६० किलोच्या माणसाला लावलं तर ६००. दुकानातल्या बाटलीतून सांगितलेले थेंब घेतले तर पोटात बहुधा १० ते ३० मिलिग्रॅम जातात. तोंडाने घेतलेल्या सीबीडीपैकी जेमतेम सहा-सात टक्के रक्तात पोहोचतं. तेलकट जेवणाबरोबर घेतलं तर चार-पाच पट जास्त. तेव्हा ड्रावेच्या मुलांचे आकडे दाखवून गुडघेदुखीसाठी थेंब विकणं हा हातचलाखीचा प्रकार आहे. थेंबांच्या मात्रेने दुखण्यावर किंवा झोपेवर काय होतं, याचा पुरावा तुटपुंजा आहे.

'थोडी मात्रा, थोडा गुण, अपाय मात्र शून्य,' असा सौदाही इथे मिळत नाही. औषधाच्या मात्रेत सीबीडीने गुंगी येते, जुलाब होतात, भूक मंदावते आणि काही रुग्णांत यकृताची विकरं रक्तात वाढतात, विशेषतः सोबत व्हॅलप्रोएट हे फिटांचं औषध चालू असेल तर. क्लोबाझॅम हे फिटांचंच दुसरं औषध घेणाऱ्यांच्या रक्तात त्या औषधाचा सक्रिय अंश साठत जातो, कारण त्याची विल्हेवाट लावणारं यकृतातलं विकर सीबीडी अडवतं. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन घेणाऱ्यांतही त्याचा परिणाम वाढल्याच्या नोंदी आहेत. ब्रिटनच्या अन्न प्रशासनाने २०२० मध्ये निरोगी प्रौढांना दिवसाला ७० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा सुचवली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती १० वर आणली. दीर्घकाळ रोज घेतल्यास यकृत आणि थायरॉइड यांवर काय होईल, याची चिंता त्यामागे आहे. नशा न होणं आणि अपाय न होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माझं म्हणणं या एका निर्णयातही दिसेल.

एक समज इथेच दूर करतो. सीबीडी हा टीएचसीचा उतारा आहे, दोन्ही एकत्र घेतले की घबराट होत नाही, असं सांगितलं जातं. लंडनच्या किंग्ज कॉलेजने ४६ निरोगी माणसांना वाफेतून १० मिलिग्रॅम टीएचसी दिलं, सोबत शून्यापासून ३० मिलिग्रॅमपर्यंत सीबीडी. विसराळूपणा आणि संशय, दोन्ही जिथल्या तिथे राहिले. अमेरिकेत केकमधून २० मिलिग्रॅम टीएचसीबरोबर ६४० मिलिग्रॅम सीबीडी देऊन पाहिलं, तेव्हा उलटच झालं. टीएचसी मोडणारी विकरं सीबीडीने अडवली, रक्तातलं टीएचसी वाढलं आणि नशा जास्त चढली. दोन्ही प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

टीएचसीलाही नुसता खलनायक ठरवून चालणार नाही. प्रयोगशाळेत बनवलेलं टीएचसी कर्करोगाच्या औषधांनी होणाऱ्या उलट्यांवर अमेरिकेत १९८५ पासून मान्य आहे. आपल्याकडे अमली पदार्थविरोधी कायदा आला तोही १९८५ सालीच. एकाच वर्षी तोच रेणू एका देशात औषध ठरला, तर दुसऱ्या देशात त्याच रेणूसाठी घेतला जाणारा गांजा बंदीच्या यादीत बसला.

आणि आता ते भगदाड. अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्याने हेम्पची व्याख्या केली ती डेल्टा-९ टीएचसीच्या प्रमाणावर. सीबीडीची शेती वाढली, भाव कोसळले, साठे पडून राहिले. सीबीडी आम्लात तापवलं की ते उघडं कडं मिटतं आणि टीएचसी तयार होतं, हे रसायनशास्त्रज्ञांना अनेक दशकं माहीत होतं. परिस्थिती नीट राखली तर मुख्यतः डेल्टा-८ टीएचसी मिळतं. त्यात आणि डेल्टा-९ मध्ये फरक आहे तो एका दुहेरी बंधाच्या जागेचा. ते सीबी-१ वर बसतं, नशा आणतं, जोर मात्र काहीसा कमी. हेम्पपासून आलं म्हणून ते पेट्रोल पंपांवरच्या दुकानांतही गोळ्या-चॉकलेटांच्या रूपात विकलं जाऊ लागलं. जानेवारी २०२१ ते फेब्रुवारी २०२२ या काळात तिथल्या विषबाधा केंद्रांकडे डेल्टा-८ ची २,३६२ प्रकरणं आली. त्यांतली ४१ टक्के अठरा वर्षांखालच्या मुलांची होती. घरगुती भट्टीतल्या या रसायनात नको ते उपपदार्थही राहतात. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेला व्याख्या बदलून सर्व प्रकारचं टीएचसी मोजण्याचा कायदा करावा लागला.

हाच डेल्टा-८ रेणू मेशूलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या आठ मुलांना उलट्या थांबवण्यासाठी मोजून दिला होता. १९९५ मध्ये त्याचा अहवाल आला. उलट्या थांबल्या, दुष्परिणाम नगण्य होते. शुद्धता, मात्रा आणि देखरेख असली की काय होतं आणि नसली की काय होतं, हे त्या आठ मुलांच्या आणि पुढच्या हजारोंच्या नोंदींतून दिसतं. उगम हेम्प असल्याने शरीराला काहीच फरक पडत नाही.

आपल्याकडे काय आहे? १९८५ च्या कायद्यात चरस आणि फुलोरा येतो. फुलोऱ्याविना असलेली पानं आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. महाराष्ट्रात भांगेला दारूबंदी कायद्याचे निर्बंध लागू आहेत. बियांचं तेल हे अन्न आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये त्याला परवानगी देताना किलोला १० मिलिग्रॅम टीएचसीची मर्यादा घातली. बियांत सीबीडी जवळपास नसतंच, त्यामुळे बियांचं तेल आणि सीबीडीचं तेल एक समजू नका. पानांचा अर्क 'विजया' म्हणून आयुर्वेदिक परवान्यावर विकला जातो. औषध नियमांच्या ई-१ या परिशिष्टात, म्हणजे वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायच्या विषारी द्रव्यांच्या यादीत, भांगेचं नाव आहे. पानाच्या अर्कात टीएचसी असू शकतं, कधी सीबीडीपेक्षा जास्त. अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. जेमतेम ३१ टक्क्यांवरचं लेबल खरं निघालं आणि १८ बाटल्यांत टीएचसी सापडलं. त्यामुळे नोकरीतल्या लघवी तपासणीत अडकलेला माणूस 'मी तर सीबीडीच घेतो' म्हणाला, तर तो खोटं बोलत असेलच असं नाही. त्याची बाटली खोटं बोलत असू शकते.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे. बाटलीवर पान कसलं आहे ते पाहू नका. आत सीबीडी किती मिलिग्रॅम आहे आणि टीएचसी किती, हे त्या खेपेच्या प्रयोगशाळा अहवालात लिहिलेलं आहे का, ते विचारा. अहवाल नसेल तर बाटली परत करा. फिटांची, रक्त पातळ करणारी किंवा झोपेची औषधं चालू असतील, यकृताचा त्रास असेल, दिवस गेलेले असतील किंवा घरात मनोविकाराचा इतिहास असेल, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय एक थेंबही घेऊ नका. मुलाला आकड्या येत असतील तर चालू औषध बंद करून हे थेंब सुरू करण्याचा विचारही करू नका. आणि डॉक्टरांपुढे बसल्यावर हे तेल घेता, हे लाजून लपवू नका. आम्ही डॉक्टरांनीही ते ऐकून भुवया उंचावण्याऐवजी मात्रा लिहून घ्यायला शिकलं पाहिजे.